खडक ओढला की काय होतं?

२३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. त्याची राख अरबी समुद्र ओलांडून गुजरात-राजस्थानच्या आकाशातून दिल्लीपर्यंत आली, काही विमानं रद्द झाली आणि ‘आफ्रिका दुभंगतेय’ हा विषय पुन्हा मोबाइलवर फिरू लागला. अशा व्हिडिओंत हमखास दिसणारी ती रस्ता गिळणारी भेग केनियातली, २०१८ सालची आहे. तिची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईलच. पण लोकांना पडणारा प्रश्न रास्त आहे. दगडाची जमीन फाटते कशी? तिला ओढतं कोण, आणि धरून कुठे ओढतं?

उत्तर जमिनीत शोधण्याआधी घरातल्या दोरीपाशी थांबायला हवं. ओढीचे नियम दोरीला आणि खंडाला सारखेच लागू आहेत.

दोरीतला ताण

रस्सीखेच चालू आहे. दोन्ही संघ ५०-५० किलो वजनाइतक्या जोराने ओढतायत आणि दोरी जागची हलत नाही. दोरीत ताण किती? बहुतेक जण १०० म्हणतात. खरं उत्तर ५०. पटत नसेल तर एका संघाला घरी पाठवा आणि दोरीचं ते टोक झाडाला बांधा. उरलेला संघ ५० ने ओढतोय, झाडही त्याला ५० ने धरून ठेवतंय, आणि दोरीला काहीच फरक कळत नाही. ताण दोन टोकांच्या ओढींची बेरीज नसतो. दोरी कुठेही कापून मध्ये काटा लावला तर तो जे वजन दाखवेल, तो ताण.

आता कपडे वाळत घालायची दोरी घ्या. दोन खिळ्यांमध्ये ४ मीटर अंतर, मध्यावर २ किलोची ओली चादर. दोरी मध्ये ४० सेंटिमीटर झोळ खात असेल तर तिच्यातला ताण साधारण ५ किलो. झोळ १० सेंटिमीटर ठेवलात तर २० किलो. ‘छान ताठ बांधू’ म्हणून ५ सेंटिमीटरवर आणलात तर ४० किलो. चादर तीच, दोन किलोचीच. चादरीचं वजन खाली ओढतं आणि दोरी जवळपास आडवी असते, त्यामुळे ते वजन उचलून धरायला तिच्याकडे तिरकेपणा फार थोडा उरतो. मग त्याची भरपाई तिला जोराने करावी लागते. भिंतीतला खिळा प्लास्टरसकट बाहेर येतो तो यामुळे. वीजवाहक तारा मुद्दाम झोळदार ठेवतात त्याचंही हे एक कारण. थंडीत तार आखडते, झोळ कमी होतो आणि ताण वाढतो. त्यासाठी आधीच जागा सोडलेली असते.

एवढ्यावर एकच भर घालायची. वस्तू तुटेल की नाही हे नुसत्या ओढीवर ठरत नाही, ती ओढ किती जाडीवर वाटली गेली यावर ठरतं. म्हणून इथून पुढचे आकडे ‘दर चौरस सेंटिमीटरला इतके किलो’ असे आहेत.

एक खडू तीन प्रकारे तोडून पाहा

फळ्यावरचा नवा खडू उभा धरून दोन्ही टोकांनी सरळ दाबा. हाताने तुटणार नाही. वाकवा, कटकन तुटेल. नीट पाहिलं तर तुटण्याची सुरुवात बाहेरच्या, म्हणजे ताणल्या गेलेल्या बाजूने होते. आतली दाबलेली बाजू सर्वांत शेवटी सुटते. तिसरा खडू ओलं फडकं पिळतो तसा पिळा. तो आडवा तुटत नाही, मळसूत्रासारखा तिरका, साधारण ४५ अंशात तुटतो. पिळताना सर्वांत जास्त ओढ त्याच तिरक्या दिशेच्या काटकोनात पडते, आणि खडू आपली कमजोर बाजू बरोबर दाखवून देतो.

दगडाचा स्वभाव खडूचाच आहे. चांगला घट्ट बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, दाबाखाली चौरस सेंटिमीटरला १,००० ते ३,००० किलो सहज पेलतो. ओढला तर शे-दीडशेच्या आसपास तुटतो. साधारण दहास एक. काँक्रीटचंही तेच प्रमाण: एम २० नावाचं, घरांत नेहमी वापरलं जाणारं काँक्रीट दाबात २०० किलो धरतं, ओढीत वीस-तीस.

इतका फरक का? उत्तर कापड दुकानात मिळतं. दुकानदार कापडाला कात्रीने जेमतेम बोटभर चीर देतो आणि मग हाताने टर्रकन फाडतो. ती चीर नसेल तर पैलवानालाही ते कापड फाडता येणार नाही. चिरेच्या टोकाशी सगळी ओढ एका बिंदूवर गोळा होते. तिथला धागा तुटला की पुढच्याची पाळी. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० च्या सुमारास काचेवर प्रयोग करून हेच दाखवलं. काच तिच्या रासायनिक बंधांच्या हिशेबाने जेवढी मजबूत असायला हवी त्याच्या मानाने फारच कमी ओढीत तुटते, कारण तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा आधीपासूनच असतात. दगडात तर त्या अगणित: स्फटिकांच्या सांध्यांत, गारगोटीच्या पोकळ्यांत, जुन्या तड्यांत. दाबलं की या चिरा मिटतात. ओढलं की उघडतात. दगडाची सगळी कुंडली या एका फरकात आहे.

मग घणाखाली दगड फुटतो, तो दाबानेच ना?

वरवर पाहता हो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तोही ओढीनेच फुटतो. प्रयोगशाळेत दगडाची ओढ सोसण्याची ताकद मोजायची एक जुनी पद्धत आहे. दगडाला दोन्हीकडून पकडून ओढणं अवघड; पकडीपाशीच तो तुटतो आणि आकडा वाया जातो. म्हणून दगडाची जाड चकती आडवी न ठेवता चाकासारखी उभी करतात आणि वरून-खालून दाबतात. चकती चिरडत नाही, मधोमध उभी उकलते. वरून दाबलं की ती बाजूंना फुगू पाहते, आणि त्या फुगण्याने मधल्या रेषेवर आडवी ओढ पडते.

खाणीवरच्या पाथरवटाला हे कुणी शिकवावं लागत नाही. तो दगडावर एका रेषेत भोकं पाडतो, प्रत्येकात लोखंडी पाचर बसवतो आणि घणाने पाळीपाळीने ठोकत जातो. एकाच पाचरीवर दणादण ठोकलं तर चीर भलतीकडे जाते. ठोका वरून खाली, पण पाचर दगडाला दोन बाजूंना सारते. सगळ्या भोकांमध्ये ओढ एकसारखी भरली की चिरा एकमेकींना जाऊन मिळतात आणि दगड सरळ रेषेत उकलतो. ही पाचर लक्षात ठेवा, पुढे ती जमिनीखाली भेटणार आहे.

गॅलरी का पडते

थोडं विषयांतर, पण याने माणसं मरतात म्हणून करायलाच हवं. खोलीचा स्लॅब मध्ये खाली वाकतो, म्हणून त्याचा तळ ताणला जातो आणि मुख्य सळई तळाशी लागते. गॅलरी मात्र एकाच बाजूने धरलेली असते. तिचं मोकळं टोक खाली झुकतं, म्हणजे ताणली जाते तिची वरची बाजू. इथे मुख्य सळई वर हवी, आणि ती आतल्या स्लॅबमध्ये पुरेशी लांब गेलेली हवी.

कागदावर हे बरोबर असतं. चूक होते काँक्रीट ओतायच्या दिवशी. कामगार घमेली घेऊन त्या वरच्या सळयांवरून चालतात आणि जाळी खाली दबते. १२ सेंटिमीटर जाडीच्या गॅलरीत सळई तळापासून साडेनऊ सेंटिमीटर उंचीवर असायला हवी होती आणि ती साडेपाचवर आली, तर गॅलरीची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. वरून काहीच दिसत नाही. म्हणून वरच्या जाळीखाली सळईच्या वाकवलेल्या ‘चेअर’ लावायच्या, चालायला फळ्या टाकायच्या आणि ओतण्याआधी उंची मोजायची.

जुन्या हेमाडपंती मंदिरांत खांबांची एवढी दाटी का, याचंही उत्तर इथेच आहे. दोन खांबांवरच्या दगडी तुळईचा तळ ताणला जातो आणि तिथे सळई नाही, म्हणून अंतर कमी ठेवावं लागतं. कमानीत दगडांवर फक्त दाब येतो. ती आली तेव्हा अंतर वाढलं.

बाहेरून कुणी न ओढताही भेग पडते

मे महिन्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या मातीला कुणी ओढलेलं नसतं. पाणी उडून गेल्यावर ती आक्रसू पाहते, पण खालची अजून ओली माती तिला सरकू देत नाही. आखडायचं आहे आणि आखडता येत नाही: हाही ताणच. काळ्या जमिनीत घराचा पाया मुरमापर्यंत उतरवायला सांगतात तो याच्यासाठी. पावसात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आखडणाऱ्या मातीवर टेकलेली भिंत दरवर्षी एकदा वर ढकलली जाते, एकदा आधार गमावते, आणि तडे जातात.

लाव्हारसाचं हेच होतं, फक्त पाण्याऐवजी उष्णता जाते. हजार अंशांच्या आसपास घट्ट झालेला बेसॉल्ट हवेच्या तापमानाला येईपर्यंत लांबीत जवळपास एक टक्का आखडतो. म्हणजे १० मीटरला ८ ते १० सेंटिमीटर. तेवढं सरकायला जागा नसते, मग भेगा पडतात. पृष्ठभागावर सुरू झालेल्या भेगा थंडावा आत शिरेल तशा खोल जातात आणि हळूहळू तीन-तीन भेगा एका बिंदूत समान कोनात भेटू लागतात. त्या रचनेत कमीत कमी भेगांत जास्तीत जास्त ताण मोकळा होतो, आणि त्यातून उभे राहतात पाच-सहा बाजूंचे दगडी खांब. अंधेरीची गिल्बर्ट हिल, सुमारे ६० मीटर उंचीची, अशाच खांबांची आहे. खांब जाड असतील तर थंड होणं सावकाश झालं, बारीक असतील तर घाईने. खांबाच्या अंगावर जवळून पाहिलं तर काही सेंटिमीटरचे आडवे पट्टे दिसतात; भेग एका दमात गेली नाही, टप्प्याटप्प्याने सरकली, त्याच्या त्या खुणा. कुणी घडवलेले वाटावेत इतके रेखीव असल्याने या खांबांभोवती दंतकथा जमतात. भेगा पाडणाऱ्या ताणाचं नाव त्यांत कधी येत नाही.

पण खोलवर तर सगळीकडून दाबच असणार?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, अक्षरशः. एक किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार चौरस सेंटिमीटरला सुमारे २७० किलो असतो. दहा किलोमीटरवर त्याच्या दहापट. एवढ्या दाबात खडक ‘ओढला’ जाईल कसा?

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा दोरीसारखा ओढला जातच नाही. भूगर्भशास्त्रज्ञ ‘ताणाचा प्रदेश’ म्हणतात तेव्हा त्यांना एवढंच म्हणायचं असतं की एका दिशेचा दाब बाकी दिशांपेक्षा कमी झालाय. गर्दीच्या लोकलच्या डब्यात तुम्ही चारी बाजूंनी दाबलेले असता. दाराकडची माणसं जरा सैल झाली की सगळी गर्दी तिकडे पसरते. दाराकडून तुम्हाला कुणी खेचलेलं नसतं, तरी हालचाल त्याच दिशेला होते. खडकातही तसंच: वरचा भार तोच, बाजूचा आधार सैल. मग खडक साधारण ६० अंशांच्या तिरक्या पृष्ठांवर तुटून घसरतो. अशा, दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकलेल्या तुटीला शालेय भूगोलात प्रस्तरभंग म्हणतात.

आणि खोलवर सरळ उघडणारी भेग हवी असेल तर पाचर लागते. ती असते शिलारस किंवा पाणी. शिलारस स्वतःच्या दाबाने खडक उकलत जातो, आणि उकलतो नेमका त्या दिशेला जिथे दाब सर्वांत कमी आहे, कारण तिथेच सर्वांत कमी कष्ट पडतात. तो भेगेतच थिजला की खडकात एक उभी भिंत तयार होते. तिला डाइक म्हणतात. आजूबाजूचा खडक झिजला की ती जमिनीवर खरोखर बांधलेल्या भिंतीसारखी दिसते.

धुळे-नंदुरबारच्या माळांवर अशा काळ्या भिंती मैलोन् मैल जातात, बहुतेक पूर्व-पश्चिम दिशेने. डाइक पूर्व-पश्चिम, म्हणजे त्या वेळी जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. कोकणातल्या बऱ्याच डाइक उत्तर-दक्षिण आहेत. तिथली ओढ पूर्व-पश्चिम होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला त्या काळाच्या आसपास भारताच्या पश्चिम कडेपासून सेशेल्सचा तुकडा सुटत होता. मादागास्कर त्याच्याही आधी, जवळपास नऊ कोटी वर्षांपूर्वी सुटलं होतं.

शेतकऱ्याला डाइक माहीत असते ती विहिरीमुळे. अखंड, न तडकलेली डाइक म्हणजे जमिनीखालचा बंधारा: चढाच्या बाजूच्या विहिरीला पाणी, उताराच्या बाजूची कोरडी. तीच डाइक तडकलेली असेल तर उलट पाण्याची वाट बनते. म्हणून पन्नास पावलांवरच्या दोन विहिरींचं नशीब वेगळं निघतं. पानाड्याला विचारण्याआधी शिवारातली ती काळी रेघ कुठून कुठे जाते आणि किती तडकलेली आहे हे पाहून घेतलेलं बरं.

खचदरी: कळीचा दगड उतरतो तेव्हा

कमानीच्या दोन्ही बाजू किंचित लांब सरकल्या तर काय होईल? वरचा कळीचा दगड खाली उतरेल. जमीन ताणली गेली की समोरासमोर कललेल्या दोन प्रस्तरभंगांमधला ठोकळा असाच उतरतो आणि खचदरी बनते. पूर्व आफ्रिकेची खचदरी अशी हजारो किलोमीटर चालली आहे. टांगानिका सरोवर तिच्यातच, जवळपास १,४७० मीटर खोल. आपल्याकडे नर्मदा खचदरीतून वाहते, म्हणून ती बहुतेक मोठ्या नद्यांसारखी पूर्वेला न जाता पश्चिमेला जाते.

पूर्व आफ्रिकेतल्या दोन भूपट्टांमधलं, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या दोन प्रचंड तुकड्यांमधलं, अंतर इथिओपियाच्या मुख्य खचदरीत वर्षाला साधारण ६ ते ७ मिलिमीटरने वाढतंय. सत्तर वर्षांच्या आयुष्यात जेमतेम अर्धा मीटर. खाली, जिथे तापमान तीन-चारशे अंशांपलीकडे जातं, तिथे खडक गुळाच्या गरम पाकासारखा तार धरतो आणि न तुटता लांबतो. वरचा थंड खडक चिक्कीसारखा: बराच काळ काहीच नाही, मग एकदम. सप्टेंबर २००५ मध्ये अफारमधल्या दब्बाहू इथे हे दिसलं. शिलारसाची पाचर घुसली आणि काही आठवड्यांत ६० किलोमीटर लांबीचा पट्टा उघडला, काही ठिकाणी तब्बल ८ मीटर. अफारमध्ये भूपट्ट मुख्य खचदरीपेक्षा वेगाने दूर जातात, तरी वर्षाला दोन सेंटिमीटरहून सावकाशच. म्हणजे चारशेहून जास्त वर्षांची थकबाकी एका हप्त्यात फिटली.

केनियाची ती २०१८ ची भेग? सुसवा भागात मार्चमधल्या मुसळधार पावसानंतर ती उघडी पडली आणि माई माहिउ-नारोक रस्ता तुटला. तिथली जमीन ज्वालामुखीच्या भुसभुशीत राखेची. पाण्याने ती आतून पोखरली आणि वरचं छत कोसळलं, असं बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञांचं मत पडलं. आतली पोकळी जुन्या तुटीच्या रेषेवर असू शकते, पण खंड त्या दिवशी फाटला नव्हता. ओळखायची खूण सोपी: ओढीने उघडलेल्या भेगेच्या दोन कडा एकमेकींत चपखल बसतात, फाटलेल्या कागदासारख्या. वाहून गेलेल्या घळीच्या बसत नाहीत, मधली माती गायब असते.

पण ओढतं कोण?

समुद्रतळाचा भूपट्ट जन्मतो तेव्हा गरम आणि हलका असतो. कोट्यवधी वर्षांत थंड होऊन जड होतो आणि शेवटी दुसऱ्या भूपट्टाखाली वाकून आत बुडू लागतो. बुडालेला भाग उरलेल्याला आपल्यामागे खेचतो. दोरीवर टाकलेल्या ओल्या साडीची एक बाजू जास्त लोंबली की सगळी साडी आपोआप तिकडे सरकते, अगदी तसं. ज्यांची लांब कड अशी बुडतेय ते भूपट्ट वेगवान आहेत. पॅसिफिक वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर सरकतो. ‘धरून कुठे ओढतं’ या प्रश्नाचं हे उत्तर: धरत कुणीच नाही, भूपट्टाचं स्वतःचं वजनच त्याला ओढतं.

आफ्रिकेला अशी लांब बुडती कड जवळपास नाही. तिथे खालून गरम खडक वर येतोय आणि त्याने जमीन उचलली आहे. इथिओपियाचं पठार दोन हजार मीटरच्या वर आहे. भाकरी फुगली की वरचा पापुद्रा ताणून चिरतो. शिवाय उचललेलं पठार स्वतःच्या वजनाने बाजूंना पसरू पाहतं. यातला वाटा कुणाचा किती, यावर तज्ज्ञांचं अजून भांडण आहे.

मग महाराष्ट्रही फाटणार का?

नाही. इथली ओढ जुनी आहे. आज भारताचा भूपट्ट उत्तरेकडे आशियाला भिडून बसलाय आणि दख्खनचं पठार मागून-पुढून दाबलं जातंय. आपल्या दोन मोठ्या भूकंपांनी ते सांगितलंच आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, ६.२ तीव्रतेचा, दाबाचा होता: एक बाजू दुसरीवर चढली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा, ६.३ तीव्रतेचा, कात्रीच्या पात्यांसारखा: दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकल्या. कोयनेत जलाशयाच्या पाण्याचाही हात होता. चिरांमध्ये शिरलेल्या पाण्याचा दाब दोन बाजूंना जरा दूर सारतो, त्यांची पकड सैल होते आणि आधीपासून साठलेला जोर सुटतो. पुन्हा पाचरच.

जुन्या ओढीचे तडे मात्र मिटलेले नाहीत. पावसाचं पाणी त्यांतून खोल उतरतं, तापतं आणि परत वर येतं. गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर हे गरम पाण्याचे झरे कोकणात उत्तर-दक्षिण एका पट्ट्यात आहेत. डाइकही त्याच दिशेच्या, आणि पश्चिमेला सुटून गेलेल्या तुकड्याची कडही.